कोपराच्या मापाचं टेबल

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली आणि आमच्या कारखान्यात भुसा पडायचा थांबला. कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड, पण आम्ही कारखानाच म्हणतो. पीक नाही म्हटल्यावर घराला नवं दार कोण बसवतो आणि नांगराचा दांडा कोण बदलतो? आमचे मिस्त्री रोज सकाळी उठून रंध्याचं पातं दगडावर घासायचे. घासून घासून पातं अर्ध्यावर आलं, पण रंधायला फळी नव्हती. सगळं गाव माझ्या नवऱ्याला मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

अशात शहरातल्या कॉलेजातून निरोप आला, वाचनालयाला एक मोठं टेबल हवंय. मिस्त्री गेले. तिथले ग्रंथपाल दारातच भेटले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बारा फूट लांब, चार फूट रुंद. बारा मुलांचं काम झालं पाहिजे." मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, तळहातावर लिहून घेतलं आणि परतीची बस पकडली. उंचीचं ना ते बोलले, ना यांनी विचारलं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमची मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, भूगोल घेऊन. घरात तिला टकळी म्हणतात, कारण तोंड म्हणून मिटत नाही. पॉलिशपेपर मारताना बोलते, भांडी घासताना बोलते, झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावत असते. चालायला लागली तेव्हापासून बापाच्या पायात भुशात खेळली. प्लायचा तुकडा नुसता चाचपून किती थरांचा आहे ते सांगायची. मला वाटायचं, कॉलेजात तर हिनं सगळ्यांचे कान किटवले असतील.

मग पत्र आलं. मिस्त्रींच्या नावाचं होतं, पण ते लाकूड आणायला गेले होते आणि मला काही स्वस्थ बसवेना, म्हणून मीच फोडलं. सातवीपर्यंत शिकलेय मी, सावकाश वाचते पण वाचते. लिहिलं होतं की मुलीची हजेरी निम्म्याहून कमी आहे. महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत तिनं केलेला नकाशा सगळ्यांपुढं समजावून सांगितला, तरच परीक्षेचा फॉर्म मिळेल. नाहीतर वर्ष गेलं. खाली भूगोलाच्या मॅडमची सही होती.

मी दोनदा वाचलं. रोज सातच्या बसला डबा घेऊन ही पोरगी जाते, दुपारच्या पहिल्या बसला परत येते. मग जाते कुठं?

संध्याकाळी ती भांडी घासायला बसली, तेव्हा गाठली.

"कॉलेजात जातेस की गावभर उंडारतेस?"

"जाते की."

"मग हे काय आहे?"

पत्र बघून तिचे हात राखेतच थांबले.

"जाते गं आई. पण बसायला जागा नसते."

"तीन मजली इमारत आणि तुला टेकायला जागा नाही?"

"बाकं आहेत. पण ज्याचं त्याचं ठरलेलं. पहिल्या दिवशी एका बाकावर बसले तर म्हणाले, इथं कुणीतरी बसतं. दुसऱ्यावर गेले, तिथंही कुणीतरी बसतं. मग शेवटच्या बाकावर, दाराशी. तिथून अर्धाच फळा दिसतो. काही विचारलं की सगळी मागं वळून बघतात, हे कोण बोललं म्हणून. मग विचारायचं सोडलं. मग बसायचं सोडलं."

"शेजारी कुणी नाही?"

"डॉक्टरांच्या मुलीशेजारी बसले होते एकदा. तिनं बॅग उचलून पलीकडं घेतली. माझ्या हातांना पॉलिशचा वास येतो ना."

"वाचनालयात बसावं."

"दारातूनच बघितलंय ते. आत जायचा धीर नाही झाला."

"मग दुपारपर्यंत करतेस काय तिथं?"

"जिन्याखाली सायकली लावतात. तिथं बसते."

माझी बडबडी पोर सायकलींच्या घोळक्यात तोंड मिटून डबा खाते, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पण मला वाईट वाटलं की आधी राग येतो, तो आलाच. म्हटलं, "मग त्यांना सांगता येत नाही, माझीही फी भरलीय म्हणून?"

"मी फॉर्म भरणारच नाहीये," ती म्हणाली. "बाबांच्या हाताखाली काम करीन. इथं निदान मला कळतं, कुठं उभं राहायचं ते."

मिस्त्री तेवढ्यात फळ्या घेऊन आले होते आणि दारात उभे राहून ऐकत होते. मी त्यांच्याकडं बघितलं, की काहीतरी बोलतील. यांचं एक आहे, बोलायची वेळ आली की यांना हमखास खिळा सापडत नाही. खिसे चाचपत म्हणाले, "बघू. टेबल तर पोचू दे."

"काही बघायचं नाही," मी म्हटलं. "माझी शाळा सुटली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हिची मी अशी सुटू देणार नाही."

दोघंही गप्प बसले. माझं ऐकलं म्हणून नव्हे, मी ओरडायला लागले की दोघं तेच करतात.

दुसऱ्या दिवसापासून टेबलाचं काम सुरू झालं. मिस्त्री एका टोकाला करवत धरायचे, मी फळीवर गुडघा रोवून दुसरं टोक दाबून धरायची. वीस वर्षं हेच माझं काम, फळी हलू द्यायची नाही. उन्हानं पत्रा तापायचा, घामावर भुसा चिकटायचा आणि मानेला अशी खाज सुटायची की विचारू नका. टकळी बसनं परत आली की दप्तर खुंटीला अडकवून पॉलिशपेपर घ्यायची. फळीवर हात फिरवत नको तिथं एक चरा शोधून काढायची आणि बापाला दाखवायची. कोपऱ्यात तिचा नकाशा गुंडाळून उभा होता. केला होता तिनं तो, मनापासून, इथंच भुशात वाकून. गावामागचा डोंगर आणि त्यावरून येणारा आमचा आटलेला ओढा. फक्त तो कुणापुढं उघडायचा नव्हता तिला.

मग पायांची वेळ आली. मिस्त्रींनी हाक मारली, "टकळे, इकडं ये. सरळ उभी राहा. हात कोपरातून दुमड."

यांच्या घराण्याचं माप आहे ते. ठोकाठोकीच्या टेबलाला मनगटाची उंची, नाजूक कामाच्या टेबलाला कोपराची. लाकडाला पट्टी लावायची, पण माणसाचं माप माणसावरूनच घ्यायचं. टकळीनं हात दुमडला, मिस्त्रींनी शेडच्या दाराच्या चौकटीवर तिच्या कोपराशी पेन्सिलनं रेघ मारली आणि म्हणाले, "लिहिणं म्हणजे नाजूकच काम." त्या रेघेवरून चारही पाय कापले.

आता तुम्ही म्हणाल, तिघांतल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. आमच्या घरात खुर्ची नाही. आम्ही एकतर जमिनीवर बसतो नाहीतर उभे असतो, मधलं काही आमच्याकडं नाही. मिस्त्रींनी शाळेत मांडीवर पाटी घेऊन लिहिलं. टेबल म्हटलं की यांना एकच माहीत, ज्यापाशी माणूस उभा राहून काम करतो ते.

गुरुवारी टेम्पो आला. मी टेबलाचे पाय धरून मागं बसले, टकळी दप्तर घेऊन माझ्याशेजारी. कॉलेजात सहा जणांनी उचलून टेबल वऱ्हांड्यात नेलं आणि उभं केलं. पॉलिश असं चमकत होतं की वरचा पंखा त्यात दिसत होता. मुलं जमा झाली. ग्रंथपालांनी आतून एक खुर्ची आणली, टेबलाशी ओढली आणि बसले. टेबलाची कड त्यांच्या हनुवटीला लागली.

मागून एका मुलाचा आवाज आला, "सर, नुसता चष्माच दिसतोय तुमचा." आणि सगळा वऱ्हांडा हसला.

ग्रंथपाल माणूस वाईट नव्हते. उठून म्हणाले, "मिस्त्री, हे काय केलंत? यावर लिहायचं कसं?"

"उभं राहून," मिस्त्री म्हणाले.

"दिवसभर उभं राहून कोण काम करतं हो?"

मिस्त्रींनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. मग हलकेच म्हणाले, "पाय कापून देतो. आत्ताच."

"आत्ता नको, आत मुलांची चाचणी चाललीय, करवतीचा आवाज नको. सोमवारी या. तोवर राहू द्या इथंच."

मी टकळीला शोधलं. ती टेम्पोच्या मागं होती, दप्तर छातीशी धरून. त्या हसणाऱ्यांत डॉक्टरांची मुलगी होती की नाही ते मला कळलं नाही, पण टकळीनं नक्की बघितलं असणार. ती वर्गात गेलीच नाही. आमच्याबरोबर टेम्पोतच परत आली.

घरी आल्यावर मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. हातपाय धुऊन शेडच्या पायरीवर बसले. जेवण वाढलं तर म्हणाले, भूक नाही. तीस वर्षांत यांचं एक दार वाकडं बसलं नव्हतं आणि आता सगळं शहर हसलं होतं.

टकळी शेजारी जाऊन बसली. "बाबा, मला जरा उंच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर थांबत नाहीस."

"मी त्या खोलीत कधी बसलेच नाही. कुठल्या तोंडानं सांगू, तिथलं टेबल केवढं असतं ते?"

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला आत भांडी आपटावीशी वाटली आणि दोन आपटलीसुद्धा.

शुक्रवारी ती गेली नाही. शनिवारीही नाही. म्हणाली, "सगळ्यांनी बघितलं, आता तर नाहीच." रविवारी दिवसभर बापाच्या शेजारी उभी राहून खुंट्या तासत होती. तासता तासता बडबडत होती, म्हणजे बरी होती आणि तेच मला बघवत नव्हतं. एकदा का तिला इथं बरं वाटायला लागलं की ती परत जाणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

सोमवारी, पत्रातल्या त्याच शेवटच्या सोमवारी, सकाळी मी पोतं घेतलं. त्यात करवत, कानस, काटकोन बघायचा गुण्या घातला आणि कोपऱ्यातला तो नकाशाही करवतीला गुंडाळून आत सारला. टकळीला म्हटलं, "चल."

"मी कशाला?"

"बारा फुटांचं टेबल आडवं करायचंय. मी एक बाजू धरणार, बाबा कापणार. दुसरी बाजू कोण धरणार, तुझा प्रिन्सिपॉल?"

ती हसली नाही, पण निघाली. कामाला ती कधी नाही म्हणत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वऱ्हांड्यात पाऊल टाकलं आणि मिस्त्री थबकले. टेबल दिसतच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नकाशे पसरले होते आणि भोवती पंधरा-वीस मुलं-मुली उभी होती. कुणी कोपर टेकून वाकलेलं, कुणी या बाजूनं त्या बाजूला चाललेलं, कुणी पलीकडच्याच्या कागदावर बोट ठेवून वाद घालत होतं. मधे एक ठेंगण्या बाई होत्या, हाताला खडू लागलेला. त्याच भूगोलाच्या मॅडम.

"टेबल रिकामं करता का जरा," मिस्त्री म्हणाले. "पाय कापायचेत."

"थांबा हो मिस्त्री, एवढं होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "बाकावर नकाशा मावत नाही, अर्धा खाली लोंबतो. शुक्रवारपासून आमचा मुक्काम इथंच आहे."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. टकळी खांबाआड उभी राहिली, पोतं दोन्ही हातांनी धरून.

टेबलाशी एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सपाट, हे पाठ आहे मला. पण कागद तर सपाटच दिसतो. डोंगर दिसतच नाही त्यात." टकळीनं तिच्याकडं ज्या तऱ्हेनं बघितलं, त्यावरून मी ओळखलं की हीच ती डॉक्टरांची मुलगी.

मॅडमनी हात वरखाली करून डोंगर दाखवला. मुलीनं मान हलवली, पण तोंडावरून कळत होतं की काही डोक्यात शिरलेलं नाही.

मी टकळीकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते. आत्ता मी तिला ढकललं असतं तर ती पळून गेली असती, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

तिनं पोतं खाली ठेवलं. बापाच्या पिशवीतून जाड प्लायचा वीतभर लांब तुकडा काढला, पोत्यातली कानस घेतली आणि टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्याशी गेली. "धर," ती कुणालाच उद्देशून म्हणाली नव्हती, पण मी सवयीनं पुढं झाले आणि तुकडा दाबून धरला. तिनं कानस चालवायला सुरुवात केली. एका अंगानं कडक उतार, दुसऱ्या अंगानं लांब, हळूहळू खाली येणारा. मुलं बोलायची थांबली आणि तो खरखर आवाज तेवढा राहिला. मिस्त्री दुरून तिच्या मनगटाकडं बघत होते. पाच-सात मिनिटांत तुकड्याची टेकडी झाली. तिनं फुंकर मारली.

प्लायचे थर, एक काळपट एक फिकट, टेकडीभोवती गोल गोल रेषा होऊन उघडे पडले होते. उभ्या अंगाला रेषा एकमेकींना चिकटलेल्या, लांब उतारावर सुट्या सुट्या.

"आता वरून बघ," टकळी डॉक्टरांच्या मुलीला म्हणाली. "बरोबर डोक्यावरून. प्रत्येक थर म्हणजे एक उंची. रेषा आधी नसतात, उतार तासला की दिसतात."

ती मुलगी वाकली. मग तिनं बोट टेकडीवरून फिरवलं, आधी या अंगानं, मग त्या. "म्हणजे हा नकाशा म्हणजे ही टेकडी वरून बघितलेली," ती म्हणाली.

"एवढंच तर आहे," टकळी म्हणाली आणि पोत्यातून नकाशा काढला. तो तिथं कसा आला, हे तिनं मला विचारलंसुद्धा नाही. टेबलावर पसरला. चार जणांनी चार कोपरे धरले. "हा आमच्या गावामागचा डोंगर. इकडं रेषा बघा, नुसती गर्दी, इथं पडलेलं पाणी थांबतच नाही. आणि इथं बघा, ओढ्याच्या वळणाला, केवढ्या मोकळ्या. गाव बांध घालायचा म्हणतंय तो तिकडं वर, आणि घालायला हवा इथं."

आणि मग सुटली. काय सांगू तुम्हाला, टकळी सुटली. कॉलेजात, वीस जणांपुढं. कुणी मधे विचारायचं, ही त्याला उत्तर द्यायची, तो पुन्हा विचारायचा, ही बापासारखी पेन्सिल कानावरून काढून दाखवायची. तिचं कोपर टेबलावर टेकलेलं होतं. पाठीत वाकली नव्हती, टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी भुशाच्या नावावर खपवलं.

डॉक्टरांची मुलगी सरकून तिच्याशेजारी आली. "मला वाटायचं, तू कुणाशी बोलतच नाहीस."

"तुमच्या जागा ठरलेल्या असतात ना," टकळी म्हणाली. "आणि तू एकदा बॅग उचललीस."

ती मुलगी गोंधळली. "तुला जागा करून दिली होती मी. मग तूच उठून गेलीस." मग म्हणाली, "पहिल्या दिवशी मलाही सांगितलं होतं कुणीतरी, की इथं कुणीतरी बसतं. ते कोण, ते अजून कळलेलं नाही."

मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या टेबलाला खुर्चीच नाही, मग कुणाची जागा ठरणार कशी. येईल तो उभा राहील.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि टकळीला म्हणाल्या, "तुझं प्रात्यक्षिक झालं. फॉर्म ऑफिसातून घेऊन ये. आणि तो प्लायचा तुकडा इथं ठेवून जा, मला पुढच्या वर्षीही लागेल."

इतक्यात ग्रंथपाल आले. "कापलंत का?"

"याला हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण माझ्या वाचनालयाचं काय?"

दोघं भांडायला लागले. मिस्त्री मधे पडून म्हणाले, "साहेब, तुम्हाला दुसरं करून देतो. फक्त या खेपेला तुमची एक खुर्ची न्यायला द्या मापाला." ग्रंथपाल हसले आणि स्वतः खुर्ची आणायला गेले.

बसची वेळ झाली म्हणून मी टकळीला हाक मारली. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं. मी संध्याकाळच्या गाडीनं येते." दोन वर्षांत तिनं दुपारची पहिली बस कधी सोडली नव्हती.

बसमधे करवतीचं पोतं पायाशी आणि ती खुर्ची मिस्त्रींच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मिस्त्री, सीट रिकामी आहे, खुर्ची कशाला घरून आणली?" मिस्त्री ऐकतच नव्हते. अर्ध्या वाटेवर मला म्हणाले, "अगं, बोलताना तिचं कोपर कुठं होतं?"

"टेबलावर टेकलेलं होतं."

"वाकली होती?"

"नाही."

"मग माप बरोबर होतं," ते म्हणाले आणि गावापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

टकळी दिवेलागणीला आली. बोलतच आली, फाटकापासून. बापानं सही करायची म्हणून फॉर्म कामाच्या टेबलावर ठेवला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली.

"पेन लागतं बाबा, पेन्सिल चालत नाही."

पेन शोधण्यात घर उलटंपालटं झालं. शेवटी तिच्याच दप्तरात सापडलं. पत्र्यातून वारा येत होता आणि कागद उडत होता. मिस्त्री वाकले, तशी मी पुढं होऊन कागदाचं दुसरं टोक दाबून धरलं. वीस वर्षं फळ्या धरल्यात, हलू दिलं नाही.